दोन तालुक्यांत एकच पासवर्ड

संगणक दुरुस्त करणाऱ्या माणसासमोर लोकांना कसलाच संकोच वाटत नाही, हे मला या धंद्यात पडल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं. जी माणसं कपाटाची किल्ली बायकोलाही दाखवत नाहीत, ती भर दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर आतल्या खोलीकडे मान वळवून विचारतात, "अगं, त्या कॉम्प्युटरचा पासवर्ड काय गं?" आतून नातवाचं नाव येतं आणि त्याच्यापुढे जीपचा नंबर. जीप दारातच उभी असते. नातवाचा फोटो चौकातल्या फ्लेक्सवर असतो, वाढदिवसाच्या तारखेसकट. चोराला कष्ट असे काही नाहीतच, नुसतं चौकातून एकदा चहा पिऊन जायचं.

मी बारामतीत राहतो. बारामतीपासून इंदापूरपर्यंतच्या चाळीसेक धंद्यांचे संगणक माझ्याकडे आहेत. खताची दुकानं, पोल्ट्र्या, एक दवाखाना, डाळजजवळचं टायरचं गोदाम, पळसदेवची एक रोपवाटिका. कारखाने आणि बँका माझ्यासारख्याला दारात उभं करत नाहीत, त्यांच्याकडे पुण्याहून टाय लावलेली माणसं येतात. माझी गिऱ्हाइकं म्हणजे ज्यांना चोर आपल्याकडे येईल असं वाटतच नाही ती. "आमच्यात काय चोरायचंय?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते मला दुकानाच्या पाटीवर लिहून घ्यावंसं वाटतं.

आता हे सगळं मी दुसऱ्यांच्या अकलेबद्दल सांगतोय. माझ्या अकलेची गोष्ट पुढे आहे.

मी मूळचा मोरगावकडचा, जिरायती माणूस. आमच्याकडे तोंड धुतलेलं पाणी कढीपत्त्याला जातं आणि साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवून संपवतात. लहानपणी लागलेली ती सवय पुढे कॅनॉलच्या पाण्यावर राहायला आलं तरी जात नाही. मी एकदा निवांत बसून एक पासवर्ड तयार केला होता. बारा अक्षरी, त्यात लहान अक्षरं, मोठी अक्षरं, आकडे, चिन्हं, सगळा मसाला. इतकी चांगली वस्तू एकाच ठिकाणी वापरायची म्हणजे मला उधळपट्टी वाटली. मी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या संगणकात एक सॉफ्टवेअर बसवून ठेवतो, त्यामुळे मला बारामतीत बसून पळसदेवचा संगणक उघडता येतो आणि पेट्रोल वाचतं. त्या चाळीसच्या चाळीस सॉफ्टवेअरना मी तोच पासवर्ड दिला. माझ्या ईमेलला तोच. आणि फुकट सिनेमे बघायला मिळायचे अशा एका वेबसाइटवर खातं उघडलं, तिथंही तोच. पुरवून पुरवून वापरला.

त्याच काळात मी सायबर सुरक्षेवर भाषणं द्यायचो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आम्ही तर मूळचेच कोरडवाहू.

एका भाषणाची मला चांगली आठवण आहे, कारण पुढचं सगळं तिथूनच सुरू होतं. बारामतीतल्या लहान व्यापाऱ्यांसाठी कुणीतरी कार्यक्रम ठेवला होता, एका मंगल कार्यालयात, त्या दिवशी लग्नाची तीथ नव्हती म्हणून. नवरा-नवरीच्या खुर्च्या मागे तशाच होत्या आणि त्यांच्यापुढे उभा राहून मी सांगत होतो, "एक पासवर्ड दोन ठिकाणी वापरू नका. रोजच्या नोंदींची नक्कल वेगळ्या डिस्कवर घ्या आणि काम झालं की डिस्क काढून कपाटात ठेवा. पासवर्ड टाकताना शेजारी कुणी असेल तर त्याला सरळ सांगा, तिकडं तोंड करा. मग तो सख्खा नवरा असला तरी." नवरा म्हटल्यावर लोक हसले. समोर बहुतेक सगळे नवरेच होते.

शेवटच्या रांगेत एकच बाई होती. वही मांडीवर घेऊन लिहीत होती. प्रश्न विचारा म्हटल्यावर तिनं हात वर केला आणि विचारलं, "कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला पण सांगायचा नाही का पासवर्ड?"

पुन्हा सगळे हसले. मीही हसलो आणि म्हणालो, "त्याला तर सांगावाच लागतो, वहिनी."

तिनं तेही वहीत लिहून घेतलं.

ती पळसदेवच्या रोपवाटिकेची सून. रोपवाटिका तिच्या सासऱ्यांची, त्यांना सगळे तात्या म्हणतात. उजनी धरणाच्या कडेला त्यांची दोन पॉलीहाऊस आहेत. शेतकरी आपलं बियाणं आणून देतात, मिरची, टोमॅटो, कलिंगड, काय असेल ते, आणि महिनाभरानं रोपं घेऊन जातात. बियाणं महागाचं असतं आणि ज्याचं त्यालाच परत जावं लागतं. तात्यांची पद्धत अशी होती की सगळं डोक्यात ठेवायचं. नळाजवळची रांग डाळजच्या पाव्हण्यांची, कोपऱ्यातली मेव्हण्याची, दारालगतची उधारीवाल्याची. एक पॉलीहाऊस होतं तोवर हे जमलं. दुसरं झाल्यावर एका वर्षी मेव्हण्याची भोपळी मिरची उधारीवाल्याच्या रानात गेली आणि उधारीवाल्याची तिखट मिरची मेव्हण्याच्या. वर्षभर बहीण माहेरी आली नाही.

मग सूनबाईंनी सूत्रं हातात घेतली. शेतीचं शिक्षण झालेली बाई, पण लग्नानंतर पाच वर्षं रोपांना पाणी घालण्यापलीकडे कुणी तिला काही विचारलं नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात, धरणाचं पाणी खाली जाऊन जुनं देऊळ उघडं पडलं होतं तेव्हा, तिनं माझ्याकडून एक संगणक घेतला. प्रत्येक ट्रेला नंबरची पट्टी लावली. कुठल्या नंबरात कुणाचं, कुठल्या जातीचं बियाणं, कधी पेरलं, ते सगळं संगणकात. बारामतीत एका बंद पडलेल्या ऑफिसातून तिनं चाकांची एक फिरती खुर्ची आणली. त्या खुर्चीवर ती बसायला लागल्यापासून मेव्हण्याची मिरची मेव्हण्यालाच जायला लागली. शेतकरी फोनवर तात्यांना न विचारता तिलाच विचारायला लागले, हे तात्यांना फारसं रुचलं नव्हतं. त्यांनी परवानगी दिली ती एका अटीवर. "रोज सांच्याला काय पेरलं, कुणाचं पेरलं, ते मला दिसलं पायजे. धंदा अजून माझ्या नावावर हाय."

सूनबाई रोज संध्याकाळी संगणकाच्या पडद्याचा मोबाईलवर फोटो काढायच्या आणि तात्यांच्या व्हॉट्सॲपवर पाठवायच्या.

त्यांच्या त्या संगणकाला नकलेची डिस्क मीच बसवली होती. काम झालं की काढून ठेवा हे मी भाषणात सांगतो, गिऱ्हाइकाकडे सांगत नाही. काढून ठेवली की लोक परत जोडायला विसरतात आणि मग मला फोन येतात. म्हणून मी सूनबाईंना म्हणालो होतो, "राहू द्या जोडलेली. आपोआप होतंय सगळं."

संक्रांत होऊन आठवडा झाला होता. सकाळी सूनबाईंचा फोन आला. "भाऊजी, एकही फाईल उघडत नाही. नावंच बदललीत सगळ्यांची. आणि इंग्रजीत एक पत्र आलंय पडद्यावर." मी बारामतीतूनच तो उघडून बघायचा प्रयत्न केला, जमलं नाही, म्हणून मोटरसायकल काढली.

पळसदेवला पोचलो तर दारात तीन पिकअप उभ्या होत्या. रोपं न्यायला आलेले शेतकरी बाजूला तंबाखू मळत बसले होते. त्यांचे बेड तयार, ठिबक अंथरलेली, लावणीच्या बायका ठरलेल्या. आत दोन्ही पॉलीहाऊसमध्ये ट्रेच्या ट्रे हिरवेगार उभे. मिरचीचं पंचवीस दिवसांचं रोप फार गोंडस दिसतं, पण एका जातीचं दुसऱ्या जातीपासून ओळखू येत नाही. ट्रेवर नुसते नंबर. नंबर कुणाचा, ते संगणकात. आणि संगणकाला कुणीतरी परक्यानं कुलूप घातलेलं. सोबतच्या डिस्कलाही घातलेलं, कारण ती जोडलेलीच होती.

तात्या माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होते. "काय म्हणतंय ते?"

"पैसे मागतंय, तात्या. दिले की कुलूप काढतो म्हणतोय."

"कोण म्हणतोय?"

"ते लिहिलेलं नाही."

"म्हंजे? पैसं मागाय आला आन नाव सांगत न्हाय? गाव तरी कुठलं म्हणला?"

"रशियाकडचं असेल," मी ठोकून दिलं. अशा वेळी रशिया म्हटलं की लोकांचं समाधान होतं असा माझा अनुभव आहे.

तात्यांचं झालं नाही. ते पॉलीहाऊसकडे बघत म्हणाले, "रशियाला आपल्या मिरचीचं काय करायचंय?"

मी पैसे भरू नका असं सांगितलं आणि चोर कुठून शिरला ते शोधायला बसलो. शोधायला फार वेळ लागला नाही. संगणकात येण्याजाण्याची नोंद राहते. त्या दिवशी पहाटे चार वाजून काही मिनिटांनी कुणीतरी आत आलं होतं. दार फोडून नाही, खिडकीतून नाही. माझ्या सॉफ्टवेअरमधून, माझा बारा अक्षरी पासवर्ड पहिल्याच फटक्यात बरोबर टाकून. मी बारामतीत घोरत पडलो होतो आणि माझा पासवर्ड पळसदेवला कामावर हजर झाला होता. फुकट सिनेम्यांच्या त्या वेबसाइटवरून तो फुटला असणार, मला दुसरं काही सुचेना.

मी लघवीला जातो म्हणून पाण्याच्या टाकीमागे गेलो. तिथं उभ्या उभ्या मोबाईलवरून उरलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांची ती दारं बंद करत गेलो. दवाखाना, टायरचं गोदाम, पोल्ट्री. बाकी कुणाकडे चोर गेला नव्हता, निदान अजून तरी. सगळी बंद झाल्यावर मी टाकीच्या तोटीनं तोंड धुतलं आणि ठरवलं की कुणाला काही सांगायचं नाही. या धंद्यात माझ्याकडे दुसरं भांडवल नाही. हा माणूस विश्वासाचा आहे, एवढ्यावर चाळीस घरं मला आत घेतात. ही बातमी डाळजपर्यंत जायला एक चहा पुरतो आणि बारामतीला पोचेपर्यंत तर मीच रशियाला विकलं असं होतं.

मी परत येऊन गंभीर तोंड केलं. "व्हायरस आहे. एखादी चुकीची ईमेल उघडली गेली असेल, एखाद्या लिंकवर बोट पडलं असेल. कुणाकडूनही होतं."

कुणाकडूनही. त्या संगणकावर बोट ठेवणारं माणूस एकच होतं.

सूनबाईंनी माझ्याकडे बघितलं. "मी कुठलीही लिंक उघडली नाही, भाऊजी. तुम्ही सांगितलं होतं तसंच करते मी."

"कळत नाही कधी कधी," मी म्हणालो. हे वाक्य मी म्हणालो, हे आज लिहितानाही मला झोंबतं.

तात्या तिच्याशी बोललेच नाहीत. ते माझ्याशी बोलले, ती समोर उभी असताना. "कॉम्प्युटरवर बसतंय कोण? ही. मंग कुणाच्या हातनं झालं? ते काय नंबर-फिंबर, मला पयल्यापास्नंच पटत न्हवतं. माझ्या डोक्यात कुणी चोर शिरला न्हवता कवा. उद्यापास्नं काठीवर नावं लिहून ट्रेत खोवायची. आन हिनं घरचं बघावं, हितलं खूप झालं."

एवढं बोलून ते उठले आणि ती फिरती खुर्ची ढकलत दाराबाहेर न्यायला लागले. ऑफिसची फरशी उंचसखल होती. एक चाक खाचेत अडकलं, खुर्ची गर्रकन फिरली आणि तात्यांच्याच गुडघ्यावर आपटली. एरवी मी हसलो असतो. सूनबाई टेबलापाशी उभ्या राहिल्या. खुर्ची होती तिथल्या रिकाम्या फरशीकडे बघत होत्या. पाच वर्षं ट्रेला पाणी घालून मिळवलेली ती जागा एका सकाळीत जात होती, आणि मी तिथं वायरी गुंडाळत बसलो होतो.

तात्या ओसरीत त्याच खुर्चीवर टेकले. ती फुस्सकन खाली गेली. त्यांनी ते मनावर घेतलं नाही, खिशातून मोबाईल काढून माझ्यापुढे धरला. "आलायस तर ह्यो बी मोकळा कर. लटकतोय सारखा."

तात्यांचा मोबाईल मोकळा करणं हे माझं ठरलेलं काम. त्यांच्या ओळखीची निम्मी माणसं त्यांना पहाटे पाचपासून शुभ सकाळ पाठवतात. गुलाब, सूर्य, कप, देव, वर सुविचार. तात्या एकही उघडत नाहीत आणि एकही पुसत नाहीत, मोबाईल भरला की मला बोलावतात. दिवाळीत मी असे दोन हजारांवर फोटो एका दमात पुसले होते. त्या दिवशीही मी सवयीनं सगळे निवडले आणि पुसायच्या खुणेवर अंगठा नेला.

सूनबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. माझ्यासमोर ठेवताना मान न उचलता हळूच म्हणाल्या, "भाऊजी, पुसायच्या आधी एकदा मधे बघा."

मी मधे बघितलं. गुलाबांच्या आणि सूर्यांच्या मधे, दिवसाला एक, संगणकाच्या पडद्याचा तिरका फोटो. कोपऱ्यात तिच्या अंगठ्याचं टोक, वर ट्यूबलाइटचा चट्टा, आणि खाली स्वच्छ वाचता येईल अशी यादी. ट्रे नंबर, शेतकरी, गाव, जात, पेरणीची तारीख. कालचा होता, परवाचा होता. भोगीच्या दिवशीचासुद्धा होता. मी व्हॉट्सॲप उघडलं तर तिच्या नावासमोर न बघितलेल्या निरोपांचा आकडा दोनशेच्या पुढे गेलेला. सासऱ्यांनी रोज दाखव म्हणून सांगितलं होतं, तिनं रोज दाखवलं होतं, आणि त्यांनी एकदाही उघडून पाहिलं नव्हतं. ते तिला तिच्या मोबाईलवर रोज कळत असणार. दोन निळ्या खुणा कधी उमटल्याच नाहीत. तरी पाठवत राहिली.

दिवाळीत मी त्यातलेच शंभर-दीडशे पुसले होते, हेही मला तेव्हाच कळलं.

"तुमच्याकडे नाहीत का हे फोटो?" मी विचारलं.

"माझा मोबाईल संक्रांतीला टाकीत पडला. आठ दिवसांचे आहेत नव्यात, त्याच्या आधीचे नाहीत." मग अजून खालच्या आवाजात, "तुमच्या डिस्कमधून निघेल म्हणून थांबले होते. त्यांना चारचौघांत कसं सांगायचं?"

चारचौघांत तिला काय काय ऐकावं लागलं होतं ते मी नुकतंच बघितलं होतं, आणि ही बाई अजून त्यांची लाज राखत होती.

मी तात्यांना फक्त एवढंच म्हणालो, की तात्या, यादी सापडली, तुमच्याच खिशात होती. पुढचे दोन तास मी फोटो मोठा करून वाचत होतो आणि सूनबाई नंबर सांगतील तसे ट्रे भरणाऱ्या बायका पळत होत्या. पहिली पिकअप डाळजच्या शेतकऱ्याची भरली. जाताना तो म्हणाला, "वैनी, कलिंगडाचं बी पुढच्या हप्त्यात घिऊन येतो." तात्या तिथंच होते, पण तो वहिनींना सांगून गेला.

तिन्ही गाड्या गेल्यावर तात्यांनी मोबाईल माझ्याकडून मागून घेतला. चष्मा लावला. बोटानं एकेक फोटो वर सारत बराच वेळ बघत राहिले. मग पहिल्यांदाच थेट सुनेला विचारलं, "ह्ये कवापास्नं पाठवतीस?"

"तुमी सांगितल्यापास्नं," ती म्हणाली.

तात्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. काच स्वच्छच होती. मला वाटलं आता संपलं, आता खुर्ची परत जाईल. पण म्हाताऱ्या माणसाला मागे यायला वाट हवी असते आणि मी ती आधीच बुजवून ठेवली होती. ते म्हणाले, "रोपं गेली ते झ्याक झालं. हुशार हाय पोरगी, न्हाय म्हणत न्हाय. पर चोर शिरला तो शिरलाच न्हवं? आज यादी घावली. उद्या न्हाय घावली तर? न्हाय बाबा. बंदच बरं ते."

एवढ्यात जेवायला बोलावलं. सूनबाईंनी भाकरी, मिरचीचं कालवण आणि वर लोण्याचा गोळा वाढला, आणि मी नको म्हणत असताना दुसरी भाकरी घातली. दोन तास फोटो वाचून दिल्याबद्दल ती माझे आभार मानत होती. तिखटानं डोळ्यांत पाणी आलं असं मी दाखवलं, आणि तिनं लगेच ताकाचा पेला पुढे केला. त्या पेल्यापुढे मी हरलो.

"तात्या," मी ताट बाजूला सारलं. "वहिनींनी कायबी दाबलेलं न्हाय. चोर माझ्या दारानं आला. किल्ली माझी व्हती."

तात्यांनी घास हातातच धरला. "तू दिलीस त्याला?"

"दिली न्हाय. मी सगळ्या कुलपांना एकच किल्ली केली व्हती. ती दुसरीकडं कुठंतरी सांडली, त्याला घावली."

"सगळ्या म्हंजे किती?"

"चाळीस."

तात्या चिडतील, उठवतील, भाकरी परत मागतील, असं काहीही मला चाललं असतं. त्यांनी शांतपणे घास संपवला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "आमच्यात गोठ्याला येगळं कुलूप असतंय आन कडब्याच्या खोलीला येगळं. आन आमी अडाणी." मग पेला खाली ठेवत, "रशिया न्हवता म्हण की."

"रशिया असंलबी," मी म्हणालो. "पर मोरगावमार्गं आला."

सूनबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. सकाळी मी जे "कळत नाही कधी कधी" म्हणालो होतो, ते त्या विसरल्या नसणार, आणि विसराव्यात अशी अपेक्षा करायचा मला अधिकारही नव्हता.

तात्या हात धुवून ओसरीत गेले. बाहेरून खडखड आवाज आला. ते खुर्ची परत आत ढकलत होते. चाक पुन्हा त्याच खाचेत अडकलं. या वेळी त्यांनी ढकलाढकली केली नाही, वाकून दोन्ही हातांनी खुर्ची उचलली आणि टेबलापाशी नेऊन ठेवली. माफी वगैरे मागितली नाही. आमच्याकडे सासरे ती मागत नाहीत, फार झालं तर वस्तू जागेवर ठेवतात.

मी संगणक पुसून कोरा केला, सगळं नव्यानं बसवलं. माझं ते लांबून उघडायचं सॉफ्टवेअर बसवलं नाही, तसं बोलूनही दाखवलं. डिस्क नवी जोडली आणि यादीची पहिली नक्कल झाल्यावर काढून सूनबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती पदराला पुसून कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोवली. संध्याकाळ होत आली होती. आता फक्त नवा पासवर्ड टाकायचा राहिला होता.

सूनबाई खुर्चीवर बसल्या. मी नेहमीसारखा त्यांच्या खांद्यामागे उभा राहिलो, नेहमीसारखा सांगायला लागलो, की आठपेक्षा जास्त अक्षरं घ्या, नाव घेऊ नका, गाडीचा नंबर घेऊ नका. त्यांची बोटं बटणांवर होती पण हलत नव्हती. मला वाटलं त्यांना सुचत नाहीये. मी वाकून म्हणालो, "सांगू का एखादा?"

"भाऊजी," त्या पडद्याकडेच बघत म्हणाल्या, "जरा तिकडं तोंड करा."

या धंद्यातल्या बारा वर्षांत मला हे कुणी म्हटलं नव्हतं. माझं तोंड आपोआप दाराकडे वळलं. कान तापले होते, पण वाईट वाटलं असं म्हणता येणार नाही. दारात तात्या उभे होते, सून काय करते ते बघत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, तिच्या पाठीकडे बघितलं, आणि मग सावकाश वळून त्यांनीही तोंड पॉलीहाऊसकडे केलं. आम्ही दोघं तसेच मिरचीच्या ट्रेंकडे बघत उभे राहिलो. मागे बटणं वाजत होती. बराच वेळ वाजत होती, आणि तिनं झालं म्हणेपर्यंत आमच्यापैकी कुणीही वळलं नाही.